अंतराळवीरांचे पाय लटपटतात, हात मात्र टाटा करतात. असं का?

तलावपाळी_ठाणे
रविवार, सकाळी ११:१०

मंडळी, मदत हवी आहे. माझी भाची कासारवडवलीला राहते, आठवीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिने विषय घेतलाय, "वजनरहित अवस्थेत हाताच्या स्नायूंची ताकद". आम्ही कोणी सुचवला नाही, तिचा तिनेच शोधला. अंतराळवीर शुभांशु शुक्ला जुलै २०२५ मध्ये परतले, त्या वेळचे व्हिडिओ ती परत परत बघते. यानातून बाहेर काढताना माणसं दोन्ही बाजूंनी धरतात, उभं राहायला आधार लागतो, पण तशातही हे गृहस्थ हसत हात हलवतात. तिचा प्रश्न: पायांची ताकद गेली, तर हातांची का नाही गेली?

मी कॉमर्सची. शोधलं तर सगळीकडे पाय, हाडं, डोळे, हृदय. हातांबद्दल दोन-चार ओळींच्या वर काही सापडेना. इथे डॉक्टर, इंजिनिअर, ट्रॉम्बेवाले (अणुसंशोधन केंद्रातले) बरेच आहेत म्हणून विचारते. धागा तिलाच वाचायला देणार आहे, तेव्हा भाषा जरा जपून.

घोडबंदर_ग्रस्त
रविवार, दुपारी १२:०२

घोडबंदर रोडवर रोज गाडी चालवणाऱ्याच्या स्नायूंवर कोणी प्रकल्प करेल का? क्लच दाबून दाबून माझी डावी पोटरी उजवीपेक्षा जाड झाली आहे. हलके घ्या. बाकी वाचतोय.

नौपाडा_फिजिओ
रविवार, दुपारी ३:२५

घोडबंदर_ग्रस्त, चेष्टेत म्हणालात पण मुद्दा तोच आहे. जेवढं काम पडेल तेवढाच स्नायू शरीर सांभाळतं. जास्तीचा ठेवत नाही.

आपण नुसते उभे असलो तरी पोटरीतला सोलियस, मांडीचे पुढचे स्नायू आणि पाठ ताठ ठेवणारे स्नायू कामावर असतात. तुम्ही शेअर रिक्षाच्या रांगेत मोबाइल बघताय आणि तुमच्या नकळत सोलियस तुम्हाला पुढे कोसळू देत नाहीये. दिवसाचे कित्येक तास ही ड्युटी. हातांना अशी ड्युटीच नाही. ते खांद्यापासून लोंबतात, काम निघालं की उचलले जातात, पुन्हा लोंबतात. उभ्या शरीराचं वजन त्यांनी कधी पेललेलं नसतं.

अंतराळात पोचल्यावर पायांची नोकरी त्याच क्षणी जाते. हातांना उलट बढती मिळते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात चालणं नाही. भिंतीवरच्या दांड्या धरून, बोटांनी हलकेच ढकलत इकडून तिकडे जायचं, पाय नुसते मागून येतात. एका जागी थांबायचं तर पावलं दांडीखाली अडकवायची. त्यामुळे बरेच महिने राहिलेल्यांच्या तळव्यांची जाड कातडी निघून जाते आणि घट्टे पडतात ते पावलाच्या वरच्या बाजूला!

आकडे हवेत तर हे घ्या. स्थानकावर साधारण सहा महिने राहिलेल्या नऊ जणांच्या पोटऱ्या तपासल्याचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे व्यायाम करूनसुद्धा पोटरीचं आकारमान सरासरी १३ टक्के घटलं होतं आणि तिची कमाल शक्ती ३२ टक्के. दंड आणि कोपराखालचा हात यांत इतकी घसरण सहसा दिसत नाही. थोडी होते, पण पायांच्या मानाने बरीच कमी.

ही तफावत जुनीच आहे. १९७३-७४ मध्ये स्कायलॅब या अमेरिकी अंतराळ स्थानकावर तीन तुकड्या राहून आल्या: २८, ५९ आणि ८४ दिवस. पहिल्या तुकडीकडे व्यायामाला सायकल होती, बाकी फारसं काही नाही. परतल्यावर पाय चांगलेच अशक्त झालेले, हात त्यामानाने बरे. पुढच्यांना ओढायची-ताणायची साधनं दिली, शेवटच्या तुकडीला जागच्या जागी चालण्यासाठी टेफ्लॉनचा पत्राही. तिप्पट दिवस राहूनही त्यांचे पाय पहिल्या तुकडीपेक्षा चांगल्या स्थितीत परत आले.

भाचीने एक गोष्ट मात्र वहीत लिहावीच. हातांचे स्नायू काही वेगळ्या मातीचे नाहीत. माझ्याकडे मनगट मोडलेले पेशंट येतात. प्लास्टर निघाल्यावर कोपराखालचा हात बघूनच कळेल इतका बारीक झालेला असतो आणि पाण्याचा तांब्या धरवत नाही. तेही इथे, नौपाड्यात, पूर्ण गुरुत्वाकर्षणात. म्हणजे वजनरहित अवस्था हातांवर मेहेरबान आहे असं नाही. तिथे हातांना काम असतं, म्हणून ते टिकतात.

पारसिक_हिल
रविवार, दुपारी ४:४०

"तिथे गुरुत्वाकर्षण नसतं" असं अजून कोणी लिहिलं नाही याचा आनंद आहे. प्रदर्शनात परीक्षक हमखास विचारतील, म्हणून भाचीसाठी: स्थानक सुमारे ४०० किलोमीटरवर आहे आणि तिथे गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळपास ९० टक्के असतं. स्थानक ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने आडवं जाता जाता सतत पडत असतं, आतली माणसंही त्याच्यासोबत पडत असतात. खाली टेकायला काही नाही, म्हणून वजन जाणवत नाही. तक्त्यावर "शून्य गुरुत्व" लिहू नका.

बेलापूरचा_बोल्डर
रविवार, रात्री ९:१५

ताई, मी क्लाइंबिंग करतो, बेलापूरच्या दगडांवर. (२०१६ मध्ये बोल्डरिंगचा, म्हणजे दोराशिवाय कमी उंचीवर चढायच्या खेळाचा, वर्ल्ड कप नवी मुंबईत झाला होता, २०१७ मध्ये पुन्हा. आमच्यातल्या बऱ्याच जणांचं वेड तिथून सुरू झालं.) हात हा आमचा जिव्हाळ्याचा विषय.

बोटं वळवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच. ते कोपराखाली असतात आणि लांब कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या) मनगटातून बोटांपर्यंत येतात. तळहातात काही छोटे स्नायू आहेत, अंगठ्याच्या उशीतले वगैरे. पण घट्ट पकड येते ती कोपराखालच्या हातातून. भाचीला सांगा, उजवी मूठ आवळ आणि डाव्या हाताने उजव्या कोपराखाली चाचपून बघ. प्रदर्शनात येणाऱ्या प्रत्येकाला हेच करायला सांगता येईल, खर्च शून्य.

हे स्नायू बराच वेळ आवळून ठेवले की आतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, रक्त नीट फिरत नाही आणि हात दगडासारखा टणक होतो. आम्ही त्याला पंप म्हणतो. पंप आला की चहाचा कप धरतानाही बोटं थरथरतात. आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात ते म्हणजे वजन पायांवर टाका, हातांवर नको. स्पेसवॉकमध्ये, म्हणजे पोशाख घालून यानाबाहेर काम करताना, पायांचा उपयोग जवळजवळ नाहीच, आणि ते सहा-सहा, सात-सात तास चालतं. सुनीता विलियम्स यांचे नऊ स्पेसवॉक मिळून ६२ तासांच्या वर होतात. माझ्या मते हाताच्या ताकदीचा खरा कस तिथे लागतो. स्थानकाच्या आत तरंगताना एका बोटाने भागतं.

वाशी_सेक्टर_नऊ
सोमवार, सकाळी ७:३०

बोल्डर, बरोबर पकडलंत. पण त्या थकव्याचं कारण वजनरहित अवस्था नाही. कारण आहे हातमोजा.

माझी सगळी नोकरी ट्रॉम्बेला झाली, त्यातली बरीच वर्षं ग्लोव्हबॉक्सवर. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: ही काचेची बंद पेटी. आत किरणोत्सारी माल, बाहेर आपण, आणि पेटीच्या भिंतीत बसवलेल्या जाड रबरी हातमोज्यांत हात घालून काम करायचं. आतली धूळ बाहेर येऊ नये म्हणून पेटीतला दाब मुद्दाम कमी ठेवतात. फरक किती, तर काही सेंटिमीटर पाण्याच्या दाबाएवढा. तेवढ्यानेही हातमोजा आतल्या बाजूला फुगून ताठ उभा राहतो. नवा मुलगा पहिल्या दिवशी स्क्रू फिरवायला लागला की थोड्या वेळात हात बाहेर काढून झटकायचा.

आता अंतराळपोशाख. अमेरिकन पोशाखात आत शुद्ध ऑक्सिजन ४.३ पीएसआय दाबाने भरलेला असतो आणि बाहेर निर्वात. पाण्याच्या भाषेत हा फरक सुमारे ३ मीटर! आमच्या पेटीच्या शंभरपट म्हणा ना. बोट वाकवलं की हातमोज्याच्या आतली जागा कमी होते, आणि ती कमी करायची म्हणजे प्रत्येक वेळी त्या दाबाविरुद्ध काम करायचं. बोट सैल सोडलं की मोजा ते परत सरळ करतो. म्हणजे साधं पक्कड धरून ठेवणं हासुद्धा सहा-सात तासांचा व्यायाम. दाब कमी का करत नाहीत? कारण त्याहून फार खाली गेलं तर श्वासातून पुरेसा ऑक्सिजन मिळणार नाही.

मोजाही काही साधा नाही. आत हवा धरणारी पिशवी, त्यावर फुगण्याला आवर घालणारा थर, त्यावर ऊन-थंडी आणि सूक्ष्म उल्कांपासून वाचवणारा थर. तळहातावर एक पट्टी असते, नाहीतर तो भाग फुगून दांडी मुठीत मावणार नाही. दाबाखालच्या मोज्यात पकडीची ताकद उघड्या हाताच्या निम्म्याच्या आसपास येते असं प्रयोगांत दिसलं आहे. बोटांची टोकं आत घासून नखं काळीनिळी होणं, सुटून येणं याच्या नोंदी आहेत, आणि त्या ह्यूस्टनच्या १२ मीटर खोल सरावाच्या तलावातल्याही आहेत. तलावात तर गुरुत्वाकर्षण शंभर टक्के! तेव्हा हा दोष वजनरहित अवस्थेच्या नावावर टाकता येत नाही.

याची पहिली चुणूक पहिल्याच स्पेसवॉकला मिळाली. १८ मार्च १९६५, अलेक्सेई लिओनोव्ह. बाहेर होते जेमतेम १२ मिनिटं. पोशाख इतका फुगला की बोटं मोज्यांच्या टोकांतून मागे सरकली, दोर गोळा करता येईना, आत शिरता येईना. शेवटी त्यांनी स्वतःच पोशाखातला दाब कमी केला आणि कसेबसे आत गेले.

आणखी एक, मला फार आवडलेलं. नासाने चांगल्या हातमोज्यासाठी खुली स्पर्धा ठेवली होती. २००७ मध्ये ती पीटर होमर नावाच्या इंजिनिअरने जिंकली. नोकरी नव्हती, घरच्या डायनिंग टेबलावर शिवणकाम केलं आणि दोन लाख डॉलर मिळवले. कारखान्यात बसलेल्या आमच्यासारख्यांना हे ऐकून आनंद आणि जळफळाट दोन्ही होतात.

खारघर_सकाळ
सोमवार, सकाळी ८:०५

काका, दंडवत. वाचनखूण साठवली.

नेरूळ_पश्चिम
सोमवार, दुपारी १:५०

एवढी यंत्रं कशाला? राकेश शर्मा यांनी १९८४ मध्ये सॅल्युत-७ या सोव्हिएत अंतराळ स्थानकावर योगासनं केली होती. आपल्याकडे उपाय आहे, आपणच विसरतो.

नौपाडा_फिजिओ
सोमवार, रात्री १०:२०

नेरूळ, योगासनं मीही पेशंटना देते. पण शर्मा तिथे आठ दिवसांपेक्षा कमी राहिले. तेवढ्यावरून सहा महिन्यांचा उपाय ठरवता येत नाही. शिवाय आसनांत भार कुठून येतो? आपल्याच वजनातून. चतुरंग दंडासनापासून मयूरासनापर्यंत सगळं हातांवर किंवा पायांवर वजन घेणं आहे. वजनच नसेल तर मयूरासन आठवीतली भाचीसुद्धा एका बोटावर करेल. ताण देणं, श्वास, मन शांत राहणं यासाठी योग जरूर. ताकदीसाठी विरोध लागतो.

डंबेलचंही तेच. वर नेली तर हलतील, पण खाली ओढणार नाहीत. म्हणून २००८ मध्ये स्थानकावर एआरईडी नावाचं यंत्र गेलं. त्यात लोखंडाची वजनं नाहीत. निर्वात नळकांड्यांमधला दट्ट्या ओढायचा, आणि हा विरोध सुमारे २७० किलोपर्यंत वाढवता येतो. बैठका, डेडलिफ्ट, टाचा उचलणं, छातीचा प्रेस, सगळं त्याच्यावर. सायकल आणि पट्ट्यांनी बांधून घ्यायची ट्रेडमिल वेगळी. मांडामांड धरून रोज दोन-अडीच तास यात जातात.

आधीच्या काळाशी तुलना करा. १९७० मध्ये सोयूझ-९ मधले दोघे जवळपास १८ दिवस त्या लहानशा यानात राहून परतले तेव्हा त्यांना धड उभं राहता येत नव्हतं. आणि १९९५ मध्ये व्हॅलेरी पॉलिकोव्ह ४३७ दिवसांनी मीर या रशियन अंतराळ स्थानकावरून परतले, ते यानातून निघून जवळच्या खुर्चीपर्यंत स्वतःच्या पायांनी गेले. मधल्या काळात स्नायू बदलले नाहीत, व्यायाम बदलला.

नेरूळ_पश्चिम
सोमवार, रात्री १०:४१

मयूरासनाचा मुद्दा पटला. बाकी मतभेद कायम.

ऐरोली_नाइटशिफ्ट
मंगळवार, पहाटे ३:१०

एक राहिलं असं वाटतं. ताकद आणि अंदाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शुक्लांनी परतल्यावर सांगितलं होतं की मोबाइल हातात घेतला तर तो जड वाटला. आणि एकदा काम संपवून लॅपटॉप बंद केला आणि पलंगाच्या कडेवरून सोडून दिला, तरंगेल अशा समजुतीने! खाली गालिचा होता म्हणून वाचला. आता हा माणूस तिथे तीन आठवड्यांहून कमी होता. तेवढ्यात मोबाइल जड वाटावा इतका दंड खरंच झिजला असेल का? मला तरी वाटत नाही. मेंदूने हातांना किती जोर लावायचा याचा हिशोब बदलून घेतला होता.

आणि ह्यातली गंमत म्हणजे तिथे वजन नसलं तरी वस्तुमान असतंच. जड पेटी हलवायला बोटाचा धक्का पुरतो, पण हलायला लागलेली पेटी थांबवायला तेवढाच जोर उलट दिशेने लावावा लागतो. वजन नाही म्हणून सैल धरली तर झटक्यात हातातून निसटेल. वस्तू किती घट्ट धरायची हे मेंदू इथे वजनावरून ठरवतो, तिथे त्याला वेगावरून ठरवायला शिकावं लागतं. युरोपीय अंतराळ संस्थेने नेमक्या याच गोष्टीवर स्थानकावर प्रयोग केले आहेत, त्याचं नावच "ग्रिप" आहे.

नौपाडा_फिजिओ
मंगळवार, सकाळी ९:३०

ऐरोली, अगदी. स्ट्रोकच्या पेशंटमध्ये हे रोज बघते. पकडीचा आकडा चांगला येतो, पण कागदाचा कप चुरगळतो. भाचीने "ताकद" आणि "नेमकेपणा" असे दोन रकाने करावेत.

आणि परत आल्यावर हात हलवण्याबद्दल: उभं राहताना रक्तदाब घसरतो, आतल्या कानाला तोल सांभाळता येत नाही, आणि वर पाय अशक्त. तिन्ही अडचणी उभं राहण्याच्या आहेत. हात हलवायला यातलं काही लागत नाही. त्या आधाराचा सगळा दोष स्नायूंना देऊ नये.

घोडबंदर_ग्रस्त
मंगळवार, सकाळी ९:५२

गोळी नाही का काही? व्यायामाचा कंटाळा असणाऱ्यांसाठी विचारतोय.

पारसिक_हिल
मंगळवार, सकाळी ११:१५

उंदरांसाठी प्रयत्न झाला आहे. डिसेंबर २०१९ मध्ये ४० उंदीर स्थानकावर गेले. मायोस्टॅटिन नावाचं प्रथिन स्नायूंची वाढ रोखतं. ज्या उंदरांत ते जन्मापासून नव्हतं त्यांचे स्नायू अंतराळातही टिकले, आणि काहींना तो मार्ग अडवणारं औषध दिलं तर त्यांचे स्नायू तिथे असतानाच वाढले. माणसांसाठी म्हणून दुकानात जाऊ नका. शुक्लांनीही स्नायूंच्या पेशींवर बंगळुरूच्या इनस्टेम या संस्थेचा प्रयोग केला होता, स्नायू पुन्हा कसे वाढतात आणि पूरक द्रव्यांनी त्याला मदत होते का, हे बघायला. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांना याचा उपयोग अंतराळवीरांपेक्षा आधी व्हावा अशी माझी इच्छा आहे.

तलावपाळी_ठाणे
मंगळवार, रात्री ८:४५

सगळ्यांचे मनापासून आभार. भाचीने धागा वाचला, आणि तिने विषयच थोडा वळवला आहे. म्हणते, वजनरहित अवस्था घरी करता येणार नाही, पण वाशीच्या आजोबांचा हातमोजा करता येईल. (आजोबा म्हटल्याबद्दल माफ करा, शब्द तिचा.) काही करता येईल का? आणि पकड मोजायची कशी?

वाशी_सेक्टर_नऊ
मंगळवार, रात्री ९:३०

आजोबाच आहे, माफी कसली. करता येईल.

जाड प्लास्टिकचा पारदर्शक डबा घ्या, झाकण घट्ट बसणारं. एका बाजूला मनगटापेक्षा मोठं गोल भोक पाडून जाड रबरी हातमोजा आत सोडा आणि कडा टेपने सील करा. दुसऱ्या बाजूला व्हॅक्यूम क्लीनरची नळी. तिच्याजवळ बोटाएवढं एक भोक उघडं ठेवायचं, ते बोटाने कमी-जास्त झाकून दाब सांभाळता येतो. पूर्ण झाकायचं नाही, डबा आत दबेल. मशीन काही सेकंदच, आणि मोठं माणूस शेजारी हवं. काचेची बरणी अजिबात नको. मोजा आत फुगून ताठ झाला की त्यात हात घालून मूठ आवळायला सांगा. स्पेसवॉकच्या दाबाजवळही आपण जाणार नाही, पण परीक्षकांना मुद्दा हाताने कळेल.

नौपाडा_फिजिओ
मंगळवार, रात्री १०:०५

पकड मोजायचं डायनॅमोमीटर माझ्याकडे आहे, भाचीला वापरायला देते. खुर्चीत बसायचं, दंड अंगालगत, कोपर काटकोनात, मनगट सरळ. तीन वेळा आवळायचं, मध्ये विश्रांती, सरासरी घ्यायची. डब्याच्या भोकाची उंचीही त्याच हिशोबाने ठेवा, नाहीतर कोपराचा कोन बदलेल आणि आकड्यांची तुलना होणार नाही. आधी उघडा हात, मग नुसता हातमोजा, मग फुगलेला. वर्गातल्या मुलांचे घ्या, शिक्षकांचेही.

बेलापूरचा_बोल्डर
मंगळवार, रात्री १०:४०

तीन वेळा आवळून पकडीचा आकडा मिळेल, थकवा नाही. फुगलेल्या मोज्यात न थांबता किती वेळा मूठ उघड-मीट करता येते तेही मोजा, स्टॉपवॉच लावून. मला बोलवा, मी येतो हात द्यायला.

वाशी_सेक्टर_नऊ
बुधवार, सकाळी ६:५०

बोल्डरची चाचणी घेणार असाल तर ती सगळ्यात शेवटी ठेवा, थकलेल्या हाताने पकडीचे आकडे बिघडतील. आणि मशीन एवढा वेळ चालू ठेवू नका, अर्धा मिनिट पुरे. डायनॅमोमीटर झाकण लावायच्या आधी आत ठेवायचं, तबकडी वरच्या बाजूला करून, म्हणजे आकडा वाचायला सील उघडावं लागणार नाही.